आधी रस्ता, मग विमान: कुत्र्याला नव्या गावी नेताना

धाराशिव शहराजवळ धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान सुटत नाही. त्यामुळे इथल्या कुटुंबाला कुत्रा घेऊन दिल्ली किंवा बंगळुरू गाठायचं असेल, तर आधी काही तासांची गाडी आणि मग विमान, हाच क्रम राहतो. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत पुण्याचा विमानतळ धाराशिवहून सुमारे अडीचशे किलोमीटर पडतो. उमरगा आणि लोहाऱ्याच्या लोकांना हैदराबाद सोयीचं, राष्ट्रीय महामार्ग ६५ थेट तिकडेच जातो. वाशी-कळंबकडच्यांना बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरही चालतं. सोलापूर सगळ्यात जवळ आणि २०२५ मध्ये तिथून प्रवासी विमानं सुरूही झाली, पण ती लहान आहेत आणि मोजक्या शहरांनाच जातात. म्हणजे कुत्रा हवेत दोन तास असेल, तर रस्त्यावर पाच-सहा तास आणि विमानतळावर दोन-तीन तास असतो. लोक तयारी करतात ती बहुतेक त्या दोन तासांची. उरलेले तास आणि पोहोचल्यानंतरचा महिना यांचा विचार फार कमी घरांत होतो, आणि कुत्र्याचे खरे हाल तिथेच होतात.

तिकीट काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या कुत्र्याने विमानाने जायलाच हवं का? पग, शित्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घेणं एरवीही जड जातं. उकाडा आणि भीती एकत्र आली की त्यांची धाप थांबत नाही. म्हणूनच अनेक विमान कंपन्या अशा जातींना सामानकक्षात घेत नाहीत किंवा त्यांच्यावर बंधनं घालतात. पग सामानकक्षातून नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केबिनमध्ये जागा मिळत नसेल तर रात्रीच्या थंडाव्यात गाडीने न्या, दोन दिवस लागले तरी चालतील. हृदयविकार असलेला, फार म्हातारा किंवा नुकतं ऑपरेशन झालेला कुत्रा, गाभण कुत्री, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू यांनाही विमान नको.

रेल्वेचा पर्याय आपल्याकडे लोक विसरतात. प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यात दोन किंवा चार बर्थची पूर्ण खोली तुमच्या नावावर असेल, तर कुत्रा तुमच्याजवळ राहू शकतो. त्याची नोंद पार्सल कार्यालयात करावी लागते. दुसरी सोय गार्डच्या डब्यातल्या पेटीची. ती लोखंडी आणि अंधारी असते, शेजारी आवाज फार असतो आणि मालक जवळ नसतो. धाराशिव स्थानकावरून मुंबईपर्यंतच्या एका रात्रीसाठीही मी ती सुचवणार नाही.

विमानानेच जायचं ठरलं तर आधी कंपनी निवडा, मग तारीख. देशांतर्गत प्रवासात एअर इंडिया प्रवाशाबरोबर कुत्रा-मांजर नेऊ देते आणि आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली. इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही, दिव्यांग प्रवाशाचा प्रशिक्षित सहायक कुत्रा एवढाच तिथे अपवाद. केबिनमध्ये नेण्यासाठी वजनाची मर्यादा पिशवीसकट सात ते दहा किलोच्या दरम्यान असते आणि ती वेळोवेळी बदलते. एका विमानात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा आहे. म्हणून आधी कंपनीला फोन करून कुत्र्याची जागा पक्की करा, लेखी उत्तर मागा आणि त्यानंतरच माणसांची तिकिटं काढा. केबिनमधल्या कुत्र्याला पूर्ण प्रवासात पुढच्या आसनाखाली, पिशवी बंद ठेवूनच राहावं लागतं. मांडीवर घेता येत नाही, हे घरातल्या मुलांना आधीच समजावून सांगा.

आपल्या भागातल्या अनेक घरांतला कुत्रा मात्र या मर्यादेत बसत नाही, कारण तो कारवानी असतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव या जातीसाठी ओळखलं जातं, आणि तिथून आणलेली पिल्लं धाराशिवच्या वस्त्यांवर, शेतांवर वाढतात. लांब पाय, बारीक कंबर, निमुळतं तोंड असलेला हा शिकारी कुत्रा दिसायला हलका, पण पूर्ण वाढीचा नर वीस किलोच्या वर जातो. तो पिंजऱ्यातून सामानकक्षातच जाणार. त्याच्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली उंची. नियम असा की कुत्रा पिंजऱ्यात मान न वाकवता उभा राहिला पाहिजे, वळला पाहिजे आणि पाय पसरून झोपला पाहिजे. कारवानीच्या उंचीला लागणारा पिंजरा इतका मोठा होतो की लहान विमानाच्या सामानाच्या दारातून तो आत जात नाही. त्यामुळे पिंजऱ्याची लांबी-रुंदी-उंची कंपनीला आधीच कळवा. दुसरी गोष्ट थंडीची. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे उन्हात धावणारा हा कुत्रा गारठ्याला लवकर कुडकुडतो. पिंजऱ्यात जाड गोधडी हवीच. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: या शिकारी जातींच्या शरीरातून भुलीची काही औषधं फार सावकाश बाहेर पडतात. कुणी 'झोपेची गोळी देऊन टाका' म्हणालं तर ऐकू नका.

हा गोळीचा सल्ला कोणत्याच कुत्र्यासाठी बरा नाही. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान राखण्याची शक्ती कमी होते, आणि सामानकक्षात त्याच्याकडे पाहायला कुणी नसतं. गुंगीत दिसणारा कुत्रा विमान कंपनी परतही पाठवू शकते. गाडी लागते म्हणून उलटी थांबवणारं औषध डॉक्टरांनी दिलं तर ते घ्या, पण एखाद्या छोट्या प्रवासात आधी देऊन पाहा. पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको.

भीती कमी करण्याचा खात्रीचा उपाय सवय हाच आहे आणि त्याला महिना लागतो. पिंजरा महिनाभर आधी घरात आणा आणि दार काढून किंवा बांधून, उघडा ठेवा. कुत्र्याला आत ढकलू नका. जेवणाचं भांडं आधी दाराशी ठेवा, मग थोडं आत, मग अगदी मागे. आठवड्याभरात तो आपणहून आत बसायला लागला की खाताना दोन मिनिटं दार लावा, मग दहा मिनिटं, मग तासभर. रात्री तो आतच झोपायला लागला की पहिला टप्पा झाला. नंतर तोच पिंजरा गाडीत ठेवून येडशी, तुळजापूर किंवा जवळच्या एखाद्या गावापर्यंत फेरी मारा. फेरी संपल्यावर कुत्र्याच्या आवडीचं काही घडू द्या: मोकळं रान, चेंडू किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा. ज्या कुत्र्याला गाडी म्हणजे फक्त सुई एवढंच माहीत आहे, तो पुण्यापर्यंतचे पाच तास ओरडत जाणार.

कागदपत्रांत आपल्या जिल्ह्यात हमखास अडणारी एक गोष्ट आहे. गावातल्या श्रेणी-२ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार करतात ते बहुधा पशुधन पर्यवेक्षक. गाई-म्हशींसाठी त्यांचा मोठा आधार असतो, पण विमान कंपनीला लागणारा 'प्रवासास योग्य' असा दाखला पदवीधर, पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांचाच चालतो. त्यासाठी श्रेणी-१ दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी, जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा खासगी पदवीधर डॉक्टर गाठा. दाखल्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही हवेत. तो प्रवासाच्या किती दिवस आधीचा चालतो हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून विचारूनच तारीख ठरवा. लसीची वहीही तपासून घ्या. रेबीजची लस टोचल्याची तारीख, बाटलीवरचं चिकटवलेलं लेबल आणि सही नसेल तर विमानतळावर ती लस न दिल्यासारखीच धरली जाते. पिल्लाला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात, त्यामुळे अगदी लहान पिल्लू घेऊन उडण्याची घाई करू नका.

महिना निवडताना ऊन आणि गर्दी दोन्ही पाहा. एप्रिल-मेमध्ये इथलं तापमान चाळिशी ओलांडतं, आणि पिंजरा विमानात चढेपर्यंत विमानतळाच्या तापलेल्या सिमेंटवर थांबू शकतो. उन्हाळ्यात जायलाच लागलं तर पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या. मध्ये विमान बदलावं लागणार नाही असंच पाहा. नवरात्रात तुळजापूरच्या बाजूचे रस्ते भाविकांनी भरलेले असतात, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेमुळे महामार्ग अडतो. अशा दिवशी विमानाची वेळ धरून निघणं कुत्र्यालाही जड आणि माणसांनाही.

निघायच्या दिवशी जेवण विमानाच्या चार ते सहा तास आधी, तेही रोजच्यापेक्षा थोडं कमी. पाणी बंद करू नका. पिंजऱ्याच्या भांड्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं तर ते सांडत नाही आणि हळूहळू वितळत प्यायला मिळतं. रस्त्यात दर दोन तासांनी गाडी थांबवा, आणि दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. अनोळखी ढाब्यावर, ट्रकच्या आवाजाने बिथरून पळालेला कुत्रा सापडणं फार कठीण असतं. पट्ट्यावर नाव आणि फोन नंबर हवा, पिंजऱ्यावरही दोन्ही गावांचे नंबर ठळक लिहा. सुरक्षा तपासणीत पिशवी यंत्रातून जाते आणि कुत्र्याला हातात धरून न्यावं लागतं, तेव्हा गळपट्ट्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा घाला. त्यातून मान सोडवून घेता येत नाही. पिंजऱ्यात नवीन, धुतलेली चादर घालू नका. तुमचा चार दिवस वापरलेला सदरा किंवा कुत्र्याचीच जुनी गोधडी घाला. वासाइतकी धीर देणारी दुसरी वस्तू कुत्र्याला नसते.

आता पोहोचल्यानंतरचं. आपल्या जिल्ह्यात बहुतेक वेळा प्रवास उलटा होतो: मुलगा किंवा मुलगी परदेशी जाते, दुसऱ्या शहरात बदली होते, आणि फ्लॅटमध्ये वाढलेला लॅब्राडोर आई-वडिलांकडे भूमला, परंड्याला किंवा एखाद्या वस्तीवर येतो. पहिल्या दिवशी शेजारीपाजारी, भाऊबंद, गल्लीतली सगळी पोरं त्याला बघायला जमतात. प्रेमाने जमतात, पण कुत्र्याला ते झेपत नाही. दोन-तीन दिवस लोकांना थांबवा. त्याला एकच खोली द्या आणि माळवदाची जुनी खोली असेल तर तीच द्या. तिच्या जाड मातीखाली मेमध्येही गारवा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बांधलेला शहरी कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळणारं चालणं ही त्याची लक्षणं. असं दिसलं की सावलीत घ्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फ लावू नका.

पहिले काही दिवस तो कमी खाईल, फार झोपेल किंवा तुमच्या पायातच घुटमळेल. मूल दूर गेल्यावर तो दाराकडे बघत बसतो तेव्हा घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं आणि ते समोर भाकरी-दूध, पेढा, जे असेल ते ठेवतात. भावना खरी आहे, पण पोट बिघडतं. शहरात तो जे खात होता त्याची पंधरा दिवसांची पिशवी बरोबर पाठवा आणि भाकरी-भातावर आणायचं असेल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत आणा. जिल्ह्यात द्राक्षाच्या बागा आहेत, आणि द्राक्ष आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. बागेत खाली पडलेले मणी त्याला खाऊ देऊ नका, आणि फवारणीच्या दिवसांत त्याला बागेत नेऊच नका. आखाडातल्या मटणाचा उरलेला रस्साही नको. त्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक असतो आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं.

गोठ्याची ओळख सावकाश करून द्या. फ्लॅटमधल्या कुत्र्याने उस्मानाबादी शेळी कधी पाहिलेली नसते. पळणारं करडू त्याला खेळणं वाटतं, आणि एका पाठलागात करडाचा जीव जाऊ शकतो. पहिला आठवडा दावणीपासून लांब, पट्ट्यावर बसवून शेळ्या बघू द्या आणि शांत राहिला की बक्षीस म्हणून त्याला खाऊ द्या. रोज दोन पावलं जवळ जा. शिकारी जातीच्या कुत्र्याला मात्र शेळ्या-कोंबड्यांजवळ कायमच पट्ट्यावर ठेवा, तिथे सवयीवर भरवसा ठेवता येत नाही. गावकुत्र्यांशी ओळखही अशीच. रोज ठरावीक वेळी, त्याच वाटेने, पट्ट्यावर फिरवा, म्हणजे आठ-पंधरा दिवसांत ती भुंकून सोडून देतात. त्यांना दगड मारू नका. मार खाल्लेली कुत्री तुमच्या कुत्र्यावर राग काढतात.

रात्री दार बंद हवं. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आणि बालाघाटच्या डोंगररांगा यांच्या आसपास बिबट्या कुत्र्यांना उचलतो. डिसेंबर २०२४ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघच येडशीच्या जंगलात कॅमेऱ्यात दिसला. वस्तीवर राखणीला म्हणून अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. त्याला आत घ्या, किंवा वरूनही जाळी असलेला भक्कम पिंजरा बांधून द्या.

गोचीड ही इथली दुसरी मोठी अडचण. जनावरांच्या गोठ्याजवळ ती बारमाही असते आणि तिच्यामुळे येणारा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी कमी करतो. कुत्रा सुस्त झाला, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर एक दिवसही थांबू नका. कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवा. जनावरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध कुत्र्यावर ओतू नका, त्याचं प्रमाण वेगळं असतं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. अवघड दुखणं असेल तर उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

इथून शहरात जाणाऱ्या कुत्र्याची अडचण उलट असते. मोकळ्या रानात वाढलेल्या कारवानीला लिफ्ट, गुळगुळीत फरशी आणि शेजारच्या दाराची घंटा हे सगळंच परकं. पहिले दिवस जिन्याने न्या, फरशीवर सतरंजी अंथरा आणि पहाटे लांब चालवा. धावायची सवय असलेला कुत्रा दमला नाही तर घर कुरतडतो. कुंपण नसलेल्या मैदानात त्याला कधीही सोडू नका. ससा किंवा मांजर दिसलं की तो हाक ऐकत नाही, आणि मध्ये रस्ता असतो. पुण्यासारख्या शहरात महापालिकेचा श्वान परवाना काढावा लागतो, तो आधीच काढा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, तशा भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पण भांडण्याआधी शेजाऱ्यांना कुत्र्याची ओळख करून दिली तर त्या सूचना दाखवायची वेळ बहुधा येत नाही.

परदेशाचा मामला तिकिटाच्या घाईत उरकत नाही. भारत रेबीजची लागण असलेल्या देशांत मोडतो, म्हणून युरोपला जाताना मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि तिथून पुढे तीन महिने थांबणं, एवढी साखळी लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी आणि भारतासारख्या देशातून येणाऱ्यासाठी आणखी कागद लागतात. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. मुलाचा व्हिसा आल्यावर कुत्र्याचा विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो, किमान सहा महिने हाताशी ठेवा. परत येताना केंद्राच्या पशु विलगीकरण आणि प्रमाणन सेवेचं ना-हरकत प्रमाणपत्र निघण्याआधी काढावं लागतं आणि ज्या विमानतळावर तिचं केंद्र आहे तिथेच उतरावं लागतं. मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी ते आहे, त्यामुळे उमरग्याच्या कुटुंबाने मुंबईचा हट्ट धरू नये.

शेवटी लसीबद्दल एक विनंती. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरातल्या गावकुत्र्यांचा अभ्यास झाला, तेव्हा बहुतेकांच्या रक्तात पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. म्हणजे शहरातून आलेला, वर्षाची लस चुकलेला कुत्रा आपल्या माळरानावर उतरला की त्याला धोका आहे, आणि हेच रोग खोकडापर्यंतही पोहोचतात. गावात पोहोचण्याआधी किमान दोन आठवडे सगळ्या लसी पूर्ण करून घ्या. आणि ज्या दिवशी डॉक्टर तुमच्या कुत्र्याला रेबीजची सुई द्यायला घरी येतील, त्या दिवशी दारात येणाऱ्या चार गावकुत्र्यांनाही ती टोचून घ्या, खर्च तुम्ही करा.